आयलीने कपाट रिकामं केलं

मार्च महिना होता. रस्ते चिखलाने बरबटले होते आणि माझ्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. आयली कांगस दार ढकलून आत आली, टोपीवरचं पाणी माझ्या काउंटरवर झटकलं आणि म्हणाली, "एल्सी, तुझा ट्रक रिकामा आहे ना? मरायच्या आत मला घरातल्या सगळ्या बंदुका बाहेर काढायच्या आहेत."

मी म्हटलं, "आधी बूट पूस."

बूट पुसणारी बाई ती नव्हे. ती तशीच स्टोव्हपाशी जाऊन बसली. एक्क्याऐंशी वर्षांची, काठीसारखी ताठ, आणि ओठ नुकतेच निळसर दिसायला लागलेले.

"मरतेस कधी?" मी विचारलं. आम्ही एकमेकींशी असंच बोलतो.

"डॉक्टर म्हणतो, यंदा शिकारीचं लायसन्स काढू नकोस."

"त्याला काय कळतंय! मासे धरायला जातो आणि गळ स्वतःच्याच टोपीत अडकवून येतो."

"हृदयातलं कळतं त्याला," ती म्हणाली. "थट्टा पुरे. माझं काम करणार आहेस की नाही?"

माझ्या दुकानात गांडुळं, गळ, गमबूट, काडतुसं आणि बंदुका मिळतात. नवरा गेला तेव्हा दुकान माझ्या गळ्यात पडलं आणि बंदुका विकायचा परवानाही माझ्याच नावावर आला. त्यामुळे आमच्या या उत्तर विस्कॉन्सिनच्या टाउनशिपमध्ये कोणाच्या घरी काय आहे हे पाद्र्याच्या आधी मला कळतं. आयलीच्या घरी काय आहे ते मात्र सगळ्यांनाच माहीत होतं. तिच्या मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात तिसेक रायफली होत्या आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेच्या पट्ट्याला होती.

तिचा बाप लाकूडतोड्या. आयली बारा वर्षांची असताना झाड पडून त्याचा पाय गेला. त्या नोव्हेंबरात पोरीने बापाची रायफल उचलली, एकटी रानात गेली आणि संध्याकाळी एका नर हरणाला दोराने ओढत अंगणात आली. त्या मांसावर घराने हिवाळा काढला. तेव्हापासून तिचा एकही हंगाम चुकला नाही. डॅरिल पोटात होता तेव्हासुद्धा नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभी हयात घालवली. आज आजोबा झालेले पुरुष तिच्या हातातला वाढायचा डाव आठवून अजून मान खाली घालतात. नवरा आर्वो बिचारा लोण्यासारखा. रक्त पाहिलं की त्याला चक्कर यायची. तो घरात वेलदोड्याचा निसू पाव भाजायचा आणि ही अंगणात हरीण सोलायची. तक्रार दोघांचीही नव्हती.

बंदुका जमवायची खोड तिला लागली ती म्हाताऱ्या हाउतालाच्या मयतानंतर. त्याच्या मुलांनी अंगणात लिलाव मांडला. त्याची रायफल बाहेरगावचा एक दुकानदार घेत होता, कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीवर टांगायला. आयली पिठाचा डबा घ्यायला गेली होती. तिने पिठाचा डबा सोडला आणि रायफल घेतली. पुढे ते चालूच राहिलं. ज्याची मुलं शहरात गेली, ज्याच्या मागे कोणी उरलं नाही, त्याची बंदूक आयलीकडे यायची. त्या बंदुकांना कंपनीच्या नावाने कोणीच ओळखत नसे. ही हाउतालाची, ही लांबू निएमीची, ही पोस्टमन सालोची. आमचं अर्धं कबरस्तान त्या कपाटात उभं होतं म्हणा ना.

आणि घोडं अडलं होतं ते डॅरिलपाशी.

डॅरिल तिचा मुलगा, पन्नाशीतला. आरागिरणीत पाठ मोडली, दुखण्याच्या गोळ्या लागल्या, गोळ्या सुटेनात आणि मग चोरी. रे माकीच्या शेडमधून त्याने करवती आणि ट्रकला लावायची, ओंडके ओढायची विंच उचलून नेली आणि विकली. तीन वर्षं तुरुंगात होता. सुटून आला तो स्वच्छ होऊन, पण डोक्यावर अजून काही वर्षांची सरकारी देखरेख होती. शिवाय कायदा असा की गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाने बंदूक बाळगायची नाही. नुसती हाताशी असली तरी ती त्याचीच धरतात आणि रवानगी पुन्हा तुरुंगात. देखरेखीचा अधिकारी ब्रँट चांगला माणूस होता, पण त्याने स्पष्ट सांगितलं होतं, "आईची सेवा दिवसा कर. त्या घरात बंदुका आहेत तोवर तिथे मुक्काम करायचा नाही."

म्हणून डॅरिल अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, सॉनाच्या, म्हणजे इथल्या फिनिश लोकांच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत झोपायचा. सकाळी येऊन शेगडी पेटवायचा, लाकडं फोडायचा, जेवण रांधायचा, केर काढायचा आणि अंधार पडला की पुन्हा सॉनात.

"जानेवारीत मी पडले," आयली स्टोव्हकडे बघत म्हणाली. "स्वयंपाकघरात. उठता येईना. सकाळी डॅरिल येईपर्यंत फरशीवर पडून होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून तू काय करणार होतीस, फरशी गरम? ऐक. मरायची भीती नाही वाटली मला. पण पडल्या पडल्या मृत्युपत्र आठवलं. डॅरिल चांगला होता तेव्हा केलेलं. 'घर आणि घरातलं सगळं डॅरिलला.' एल्सी, घरातलं सगळं! म्हणजे मी डोळे मिटले की त्या क्षणी सगळ्या बंदुका त्याच्या. तो आईला उठवायला आत येणार आणि दारातून आत पाय टाकला की गुन्हेगार. मी माझ्या मुलाला घर देत नव्हते, तुरुंग देत होते."

हे ऐकल्यावर मी ट्रकची किल्ली उचलली.

पण आयलीचं काम इतकं सोपं कुठे असायला! आधी आम्ही काउंटीच्या मुख्य गावी वकिलाकडे गेलो. तो भला माणूस. म्हणाला, बंदुकांचा एक ट्रस्ट करू, एल्सी त्याची विश्वस्त, म्हणजे त्या डॅरिलच्या नावावर जाणारच नाहीत. आयलीने सगळं ऐकून घेतलं, सह्याही केल्या. घर डॅरिलला, उरलीसुरली बंदूक एल्सीला. जिन्यात मला म्हणाली, "कागद ठीक आहे. पण कागद काही कपाट उघडून बंदुका उचलून नेत नाही. मी जिवंत असताना त्या बाहेर गेल्या पाहिजेत, आणि जिथल्या तिथे गेल्या पाहिजेत."

"जिथल्या तिथे म्हणजे?"

"ज्याच्या होत्या त्याच्या घरी."

मी कपाळावर हात मारला. तिच्या मुलीने, मार्सियाने, मिनेसोटाहून फोनवरून तेच केलं असणार. तिने डुलुथचा एक व्यापारी ठरवला होता. तो एका दिवसात सगळं कपाट उचलून न्यायला तयार होता.

"आई, तू एकेक बंदूक वाटत बसणार आणि डॅरिल तिकडे सॉनात कुडकुडणार?" फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. "तुझं हृदय तेवढी वाट बघणार आहे का?"

"व्यापाऱ्यालाच द्यायच्या होत्या तर मी त्या घेतल्या कशाला? बटाटे आहेत का ते?"

"तू हट्टी आहेस."

"तुझ्या बापाने लग्नाआधीच ओळखलं होतं ते. तुला आज कळलं?"

मला विचाराल तर मी मार्सियाच्या बाजूची होते आणि तसं तोंडावर सांगितलंही. आयली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी डॅरिलच दुकानात आला. कोपऱ्यातल्या बंदुकांच्या मांडणीपासून लांब, दारातच उभा राहिला. तो नेहमी तिथेच उभा राहतो. म्हणाला, "एल्सी, मी तीन वर्षं कोठडीत झोपलोय. सॉना त्याच्यापेक्षा गरम आहे. तिला तिच्या पद्धतीने करू दे."

मग काय, करू दिलं.

बर्फ वितळल्यावर आयलीने निरोप धाडायला सुरुवात केली. निएमीच्या नातवाला, सालोच्या पुतणीला, कोणाच्या सावत्र भावाच्या जावयाला. हाती काही देण्याआधी ती त्यांना टेबलाशी बसवून कॉफी आणि निसू द्यायची आणि विचारायची, "ही बंदूक ज्याची होती, त्याची एक गोष्ट सांग." सांगता आली तर पुढे मुरमाच्या खाणीत नेऊन कॉफीच्या डब्यावर नेम धरायला लावायची. सांगता नाही आली तर हात हलवत परत. निएमीचा नातू बँकेत मॅनेजर आहे. त्याला आजोबांविषयी एक वाक्य बोलता येईना. आयली म्हणाली, "जा, घरी जाऊन आईला विचार. पाठ करून ये." तो बिचारा खरोखर गेला आणि दोन आठवड्यांनी आजोबांनी अस्वलाला फावड्याने कसं पळवलं ते सांगून आला.  त्याला रायफल मिळाली.

माझीही अट होती. आमच्या राज्यात ओळखीच्या माणसाला बंदूक देताना तपासणीची सक्ती नाही, पण मी म्हटलं, माझ्या ट्रकमधून जाईल ती प्रत्येक बंदूक आधी माझ्या दुकानात येईल आणि माणसाची सरकारदरबारी चौकशी झाल्याशिवाय मी ती सोडणार नाही. आयली कुरकुरली, "सगळे ओळखीचे आहेत."

"डॅरिलही ओळखीचाच आहे," मी म्हटलं.

तिने पुढची बंदूक माझ्या ट्रकमध्ये ठेवली. आणि बरं झालं मी अडून बसले, कारण एक जण चौकशीत अडकलाच. चर्चमध्ये भजनं सांगणारा, सभ्य, गोड बोलणारा. त्याचं नाव मी सांगणार नाही. त्याची बंदूक त्याच्या बहिणीकडे गेली.

असा उन्हाळा चालला होता. कपाट रिकामं होत होतं आणि आयलीचा दमही. जून महिन्यात ती खाणीपर्यंत चालत यायची, जुलैमध्ये माझ्या ट्रकमध्ये बसूनच नेम बघायची. "आता उरलेल्या मला दे, मी वाटते," असं मी कितीदा म्हटलं. तिचं एकच उत्तर, "हातपाय चालतायत तोवर मी."

ऑगस्टमध्ये हाउतालाची रायफल उरली. पहिली घेतलेली, शेवटी ठेवलेली. डॅरिल बारा वर्षांचा असताना त्याने पहिलं हरीण त्याच रायफलीने मारलं होतं. त्या दिवशी मी तिथेच होते. आयली स्वयंपाकघरात त्याला म्हणाली, "ही कोणाला द्यायची ते तू सांग."

डॅरिल भांडी घासत होता. पाठमोराच म्हणाला, "मला विचारू नकोस आई."

"तुला द्यायची होती ती. तुझा पाळणा हलत होता तेव्हापासून. मला देता येत नाही, म्हणून कोणाला द्यायची ते तू सांग. तेवढं तरी तुझं असू दे."

तो बराच वेळ एकच ताटली घासत राहिला. मग म्हणाला, "रे माकीला दे. त्याची आई हाउतालांची होती."

ज्याला लुटलं त्यालाच! आयलीने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. 

रे माकी आला तो टोपी न काढता. मोठा धिप्पाड, लाल मानेचा माणूस. डॅरिलने त्याच्यासमोर कॉफी ठेवली. रे कपाकडे बघेना. आयलीने नेहमीप्रमाणे गोष्ट विचारली. रेने आईच्या बापाची गोष्ट सांगितली. कोरड्या आवाजात सांगायला लागला आणि अर्ध्यावर स्वतःच हसला. म्हातारा हाउताला शिकारीला निघताना खिशात उकडलेले बटाटे ठेवायचा, आधी हात गरम करायला आणि मग खायला. रेने कॉफी संपवली. दारात गेल्यावर वळला.

"ही द्यायचं कोणी ठरवलं?"

"मी," डॅरिल म्हणाला.

रेने त्याला खालीवर न्याहाळलं. "विंच आणली असतीस तर जास्त उपयोगाची होती," तो म्हणाला आणि गेला. पण पुढच्या शनिवारी त्याचा ट्रक आयलीच्या अंगणात आला आणि हिवाळ्याची लाकडं टाकून गेला. रे स्वतः खाली उतरला मात्र नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीला कपाट रिकामं झालं. आयलीने ब्रँटला फोन केला. तो म्हणाला, गुरुवारी येऊन पाहतो, सगळं ठीक असलं तर डॅरिल त्याच दिवसापासून घरात राहू शकेल. त्या मंगळवारी मी गेले. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. डॅरिलने बापाच्या हातासारखा निसू भाजला होता. आयलीने कपाटाचं दार सताड उघडं टाकलं होतं आणि येताजाता त्यात डोकावून बघत होती. रिकामं कपाट बघून तिला आनंद होत होता की दुःख, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

तेवढ्यात अंगणातून करकर आवाज आला. सॉनाची पायरी एक साळिंदर कुरतडत होतं. सॉनाच्या लाकडात घामाचं मीठ मुरलेलं असतं आणि साळिंदरांना मिठाचं वेड. आयलीने खिडकीतून पाहिलं आणि ओरडली, "मेल्याने पायरी खाल्ली! डॅरिल, जा, दारामागची आण!"

डॅरिल उठला. हात पुढे गेला. आणि तापलेल्या तव्यावर पडावा तसा मागे आला. त्याने दोन्ही हात काखेत घट्ट धरले.

"आई," तो म्हणाला, "मी नाही."

बाहेर साळिंदर करकरत होतं. मी मान वळवून दारामागे पाहिलं. झाडू, गमबूट आणि त्यांच्यामध्ये भिंतीला टेकलेली, आर्वोच्या आधीपासून तिथेच उभी असलेली छोटी पॉइंट टू-टू रायफल. कोंबड्या खाणाऱ्या कोल्ह्यासाठीची. सबंध उन्हाळा मी त्या दारावर माझा कोट टांगत होते. मी, जिच्या भिंतीवर परवाना लावलाय! पण खरं सांगते, आमच्याकडच्या शेतावर तिला कोणी बंदूक म्हणतच नाही. झाडू तशी ती. वकिलाने 'घरात किती बंदुका' विचारलं तेव्हा आयलीने कपाटातल्या सांगितल्या आणि मीही मान डोलावली. तीस बंदुका घराबाहेर काढल्या, आणि जी डॅरिलला परत कोठडीत घेऊन जाणार होती ती आमच्या डोळ्यांसमोर उभी होती.

"तुला माहीत होतं?" आयलीने विचारलं. तिचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तो कोपरा मी झाडत नाही," डॅरिल म्हणाला. आम्ही खाली पाहिलं. सगळी फरशी लख्ख, आणि दारामागे तेवढा धुळीचा त्रिकोण. "मला वाटलं, तुला ठाऊक आहे. तू ती मुद्दाम ठेवलीस. आयुष्यभर बंदुका घेऊन जगलीस, एक तरी घरात असावी असं वाटत असेल. ती तुझ्याकडून मागायची माझी हिंमत नव्हती आई. मी सॉनात राहिलो असतो."

"कधीपर्यंत?"

"तू आहेस तोपर्यंत."

"आणि मी गेल्यावर, मूर्खा? मी गेल्यावर काय? सॉनातून पोलिसाच्या गाडीत? मी इथे बँकेच्या मॅनेजरला गोष्टी पाठ करायला लावतेय आणि तू धुळीला वळसा घालतोयस! मी काय बंदुकीसाठी..." आणि तिला पुढे बोलता येईना. आर्वोच्या मयताला तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. त्या दिवशी ती टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडली. डॅरिल तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मीही रडले. नाही कशाला म्हणू?

रडणं संपल्यावर तिने तोंड धुतलं आणि ती स्वतः दारापाशी गेली. मी पुढे झाले तर म्हणाली, "बस खाली." टू-टू उचलली, नळीमागची खिट्टी ओढून काडतूस काढलं, नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि माझ्या हातात दिली. मग झाडू घेतला आणि तो धुळीचा त्रिकोण स्वतः झाडला. पाच वेळा थांबून श्वास घेतला, पण झाडू सोडला नाही.

"आणि साळिंदर?" मी विचारलं.

"त्याला कचऱ्याच्या डब्यात घाल," ती डॅरिलला म्हणाली. मग पुढचा अर्धा तास डॅरिल पत्र्याचा डबा घेऊन अंगणभर साळिंदराच्या मागे आणि आयली पायरीवर बसून सूचना देतेय, "डावीकडून! अरे, शेपटीकडून नको, शेपटीकडून नको!" शेपटीकडूनच गेला. त्याच्या पँटमधले काटे मी पक्कडीने काढले.

मग मात्र आम्ही त्या घराची इंच न् इंच झडती घेतली. माळा, तळघर, गोठा, लाकडांची शेड. तळघरात एका बरणीत जुनी काडतुसं सापडली, तीही ट्रकमध्ये गेली. आयली खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. "पिठाच्या डब्यामागे बघितलंस? आर्वोच्या कोटाच्या खिशात? बघ म्हणते ना!"

गुरुवारी ब्रँट आला. उंच, हळू बोलणारा माणूस. रिकामं कपाट पाहिलं, नुसती मान हलवली. माळ्यावर गेला, तळघरात गेला. मी मनात म्हटलं, झालं. तेवढ्यात तो स्वयंपाकघरात आला, कोणाकडे न बघता सरळ मागच्या दाराशी गेला, दार ओढून घेतलं आणि मागे वाकून पाहिलं.

झाडू होता.

 जे दोन दिवसांपूर्वी तिथे होतं ते आत्ता माझ्या दुकानात होतं. डॅरिल भिंतीसारखा पांढरा पडला होता.

ब्रँट सरळ झाला. "माफ करा, मिसेस कांगस. मीही शेतावरच वाढलोय. लोक कपाट रिकामं करतात आणि मला फोन करतात. मी आधी हे दार बघतो. गेल्या वर्षी याच दारामागून दोघांना परत आत पाठवावं लागलं. बायका रडत होत्या, म्हणत होत्या, ती कुठली बंदूक, ती तर घरातली."

आयलीच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "आम्ही तिथे झाडतो," ती म्हणाली.

डॅरिलला हसू आवरेना. तो तोंडावर हात धरून बाहेर पळाला. ब्रँटला काही कळलं नाही, किंवा कळलं असेल. तो म्हणाला, "त्याला सांगा, आजपासून घरात झोपला तरी चालेल." आणि निसूचे दोन तुकडे खाऊन गेला.

डॅरिलने अंथरूण अंगणातून आणलं आणि आईच्या शेजारच्या खोलीत टाकलं. नोव्हेंबरात हंगामाची पहिली सकाळ उजाडली तेव्हा आयली खिडकी उघडी टाकून खुर्चीत बसली होती. अंगावर शिकाऱ्यांचं नारिंगी जॅकेट, पायांत लोकरी मोजे. टेकडीकडून बार ऐकू आला की म्हणायची, "निएमीची." दुसरा आला की, "ही हाउतालाची, माकी चुकला बहुतेक." डॅरिल म्हणायचा, "आई, तुला शेजारी वाजलेला फोन ऐकू येत नाही." दुपारी माकीचा ट्रक आला. या वेळी तो उतरला. हरणाचं मागचं तंगडं टेबलावर ठेवलं आणि टोपी काढून बसला.

आयली फेब्रुवारीत गेली. पहाटे डॅरिलने तिच्या खोलीत खोकला ऐकला, उठून गेला, तिचा हात धरून बसला आणि ती त्याचा हात धरूनच गेली. फरशीवर नाही, एकटी नाही. मी पोहोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेला होता, शेगडी पेटलेली होती आणि डॅरिल कॉफी गाळत होता. घर आता त्याचं होतं, घरातलं सगळं त्याचं होतं.

"ब्रँट आला होता का?" मी विचारलं. मला तेवढंच सुचलं.

"सकाळीच आला. टोपी काढून आईजवळ बसला, कॉफी प्याला," डॅरिल म्हणाला. "काहीच शोधलं नाही त्याने."